ना डावा, ना उजवा

मी मोजा बोलतोय. लगेच नाक मुरडू नका, कालच धुऊन वाळत घातलंय मला.

माझा जन्म आईच्या सुयांवर झाला. आईच्या म्हणजे माझ्या मालकिणीच्या आईच्या. मालकीण डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे कायम गारठा, म्हणून आम्ही दोघे भाऊ विणले गेलो. आमच्यात डावा कोण, उजवा कोण, हे आईलाही ठाऊक नव्हतं. सकाळच्या घाईत जो पाय वाट्याला येईल तो आपला.

मालकीण न्यूट्रिनोच्या मागे लागलेली. हा कण कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. सबंध डोंगरातून आरपार जातो आणि डोंगराला पत्ताही लागत नाही. ती वर्षानुवर्षं एका स्फटिकाकडे डोळे लावून बसली होती. आईचा मात्र धीर सुटला. "सापडत तर काहीच नाही. घराजवळच्या कॉलेजात शिकव ना!" मालकीण हसण्यावारी न्यायची, पण फोन ठेवला की पाय पोटाशी घेऊन बसायची. तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

शेवटी आई स्वतःच आली. येताना एक रिकामी बॅग घेऊन आली, लेकीचं सामान भरायला!

प्रयोगशाळेच्या दाराशी बूट काढताना आई म्हणाली, "मला कळेल असं एकदाच सांग, शोधतेस तरी काय?"

मालकिणीने बूट उचलले. "हा डावा, हा उजवा. अदलाबदल केली तर चावतो. बहुतेक कणांचं असंच असतं. इलेक्ट्रॉनवर ऋण भार, तर त्याच्या प्रतिकणावर, म्हणजे उलट्या जोडीदारावर, धन. दोघे वेगळे ओळखू येतात." मग तिने आईदेखत मला पायातून ओढून काढलं. "न्यूट्रिनोवर भारच नाही. मग तो बुटासारखा, की या मोज्यासारखा स्वतःच स्वतःचा जोडीदार?"

"ते कळणार कसं?"

"मोज्यासारखा असेल, तर स्फटिकातल्या एखाद्या अणूतून कधीतरी नुसते दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतील. एरवी सोबत निघणारे न्यूट्रिनो आतल्या आत एकमेकांना मिटवतील."

"आणि बुटासारखा निघाला तर?"

"तर ते कधीच दिसणार नाही." तिने बूट खाली ठेवले. "तरी मला इथेच राहायचंय, आई."

आईने मला हातात घेतलं, आत हात घातला. टाचेच्या भोकातून तिचं बोट बाहेर आलं.

"राहा की," ती म्हणाली. "पण अशा फाटक्या मोज्यांनी नाही."

बॅग रिकामीच परत गेली. काही दिवसांनी पार्सल आलं. आत एकच मोजा!

"आई, दुसरा राहिला वाटतं," मालकीण फोनवर म्हणाली.

"राहिला कुठला? डावा-उजवा नसतो ना? जो फाटेल त्याच्या जागी हा घाल. मी विणत राहते, तू शोधत राहा."

आता आम्ही तिघं पाळीपाळीने कामावर जातो. न्यूट्रिनोने अजून तोंड उघडलेलं नाही. माझी रफू केलेली टाच पुन्हा विरत चाललीय. हवं तर माझं पायपुसणं करा, पण प्रयोगशाळेच्या दाराशीच टाका. उत्तर मिळालं की मालकीण आईला फोन करायला धावत बाहेर येईल, तेव्हा मला तिथे असायचंय.