टोकावरची टिचकी

आर्ताला आधार देणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु तो आधार असत्याचा असेल, तर ज्या हाताने दिला त्याच हाताने तो कधीतरी काढून घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी देणारा व घेणारा दोघेही सारखेच निराधार होतात.

थोरला भाऊ बस चालवीत असे, धाकटा घड्याळे दुरुस्त करी. धाकट्याला मोठे दुखणे आले. औषधांनी ते हटले. पण त्याच औषधांनी बोटांतील संवेदना हिरावून नेली. केसाएवढी स्प्रिंग चिमटीत आहे की निसटली, हे पाहिल्यावाचून कळेना. दुकानाला कुलूप लागले. संवेदना परतेल का, असे विचारले की डॉक्टर नुसते ‘बघू’ म्हणत.

तेव्हा धाकट्याने मनाशी एक कसोटी ठरवली. तळ्यातल्या तळहाताएवढ्या माशांसाठी जी सर्वांत हलकी गळकाठी मिळते, ती घ्यायची. हे मासे आमिषाला नुसते चाटून जातात. तेवढे कंपन हाताला कळले, तर उद्या घड्याळही कळेल.

दोघे भाऊ गळकाठ्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने पहिली काठी धाकट्याच्या हाती दिली.

“डोळे मिटा. मी टोकाला टिचकी मारतो. कळली की ‘आता’ म्हणा.”

टोक थरथरले. धाकटा मिटल्या डोळ्यांनी वाट पाहत राहिला.

“मारा ना, साहेब!”

दुकानदार काही बोलणार, तोच थोरल्याने त्याला मानेने खुणावले.

“ही जाडच आहे हो,” तो घाईने म्हणाला. “आणखी बारीक काढा.”

दुसरी काठी आली. करंगळीहून सडपातळ, टोकाला तर दोऱ्यासारखी. थोरल्याने मागे उभे राहून भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

“दादा, एवढा कसला टेकतोस? बस ढकलत आणलीस की काय?”

“गप रे! तुझ्या बडबडीने तळ्यातले मासे आजच गाव सोडतील.”

टिचकी पडली. थोरल्याचा अंगठा खांद्यावर किंचित, अगदी किंचित दाबला गेला.

“आता!” धाकटा म्हणाला, आणि आपल्याच आवाजाने दचकला. “दादा, कळली रे! बोटातच कळली!”

पुन्हा टिचकी, पुन्हा दाब, पुन्हा ‘आता’. त्याच्या कृश मुखावर असे तेज चढले की थोरल्याला पाहवेना. हे पाप असेल तर असो, असे तो मनाशी म्हणाला.

दुकानदाराने पुन्हा बोट उचलले. थोरल्याचा अंगठा दाबला गेला. पण तेवढ्यात दुकानदाराला शिंक आली आणि बोट हवेतच राहिले.

“आता! ही तर एकदम स्पष्ट!”

“अहो,” दुकानदार नाक पुसत भाबडेपणाने म्हणाला, “अजून मी हातच कुठे लावलाय?”

धाकट्याने डोळे उघडले. निश्चल टोकाकडे पाहिले. मग मान वळवून खांद्यावरच्या हाताकडे पाहिले.

“दादा, हात काढ.”

थोरल्याने हात काढला.

“मला खरंच बोटात वाटत होतं रे. शपथ.”

“ठाऊक आहे मला. चुकलो मी.”

“तळ्यावर काय करणार होतास? मासा तुला सांगून थोडाच ओढणार होता?” तो हसू पाहत होता, पण ओठ वाकडे झाले. काठी परत देताना ती त्याच्या मुठीतून सुटली आणि फरशीवर आपटली, तरी मूठ तशीच मिटलेली राहिली. ते पाहून दुकानदाराने मान खाली घातली.

दोघे रिकाम्या हातांनी बाहेर पडले. रस्ता ओलांडताना थोरल्याचा हात सवयीने वर उठला, आणि मध्येच थबकून खिशात गेला.

ज्याची बोटे मुकी झाली, त्याला शांती लाभो. ज्याने प्रेमापोटी फसवले, त्याला क्षमा लाभो. आणि घर येईपर्यंत त्या दोघांची पावले एकमेकांच्या जवळून पडोत.