अंडी दाखवायची अट

परसातली मधमाश्यांची पेटी राहणार की जाणार, याचा निकाल त्या दुपारी लागायचा होता. अट थोरल्या लेकाने घातली होती. आप्पांनी पोळ्यात अंडी दाखवायची. दिसली, तर राणीमाशी आहे, पेटी राहील. नाही दिसली, तर पेटी जाईल आणि तिथे गाडीसाठी शेड उभी राहील. कशी अगदी न्यायाची अट! उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेल्या आप्पांना आता भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत तेही धड दिसत नव्हतं, आणि थोरल्याला हे पक्कं ठाऊक होतं.

"शब्द फिरवायचा नाहीस हं," आप्पा म्हणाले.

"म्हणजे काय! मी काय परका आहे?"

आप्पांनी झाकण काढलं, धूर दिला आणि मधली पट्टी उचलली. तिला माश्यांनी आपल्या मर्जीने बांधलेलं पोळं लटकत होतं. ना चौकट, ना तार, नुसतं मेण. वर मधाचं ओझं, खाली अंडी-अळ्यांचा पिलावा. असं पोळं उभंच धरायचं, उभंच फिरवायचं; आडवं केलं की आपल्याच ओझ्याने तुटतं. लहानपणी थोरल्याने एकदा ते आडवं केलं, तेव्हा आप्पांनी चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली होती. थोरला तो धडा विसरला नव्हता आणि ती थप्पड तर मुळीच नाही.

आप्पा पोळ्याला नाक लावून बघत राहिले.

"दिसतंय का काही?"

"थांब रे जरा. ऊन पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पोचत नाहीये."

"मग आडवं धरा की," थोरला म्हणाला. किती मायेने म्हणाला!

आप्पांनी क्षणभर मान वर केली. मग ज्या माणसाने जन्मभर कुणाला ते करू दिलं नव्हतं, त्यानेच पेटीच्या जिवासाठी पोळं आडवं केलं.

"दिसली! अरे, दिसली! पांढरी, उभी..."

पोळं पट्टीपासून सुटलं आणि फरशीवर आपटून फुटलं.

थोरला वाकला. तुकड्यातल्या घराघरांत एकेक अंडं उभं होतं, ताजं, आजचंच. बाजूला मधात बरबटलेली लांब पोटाची राणी उठायला बघत होती. त्याने तिच्यावर बूट ठेवला आणि हलकेच टाच फिरवली.

"काही नाही, आप्पा. सगळी घरं रिकामी आहेत."

"मला दिसली रे."

"भास झाला असेल."

आप्पा गुडघ्यांवर बसले. मेणावरून बोटं फिरवत राहिले, पण बोटांना अंडी कुठली कळायला? मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे राणी आधीच गेली होती," ते म्हणाले. "सुटलो बाबा. मला वाटलं, जितंजागतं घर मोडलं माझ्या हातून."

"छे हो," थोरला म्हणाला आणि टाच पुसायला फडकं शोधू लागला.