शिरस्तेदाराचा चष्मा

एक कान. मिटलेल्या मुठीसारखा.

गुजरीतल्या सोनाराकडून आणलेली पितळेची तार.

‘सरकारचा हुकूम आहे. वखार ताबडतोब रिकामी करा.’

मुरगूडच्या मैदानात डावीकडं सरकलेलं एक नाक.

परसात आडवा बांधलेला भाला, पत्र्याच्या पात्याचा. त्यावर बयाबाईचं लुगडं वाळतंय.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. दुकानातले झाडून सगळे चष्मे जाड, काळे, चौकोनी.

*

दुकान करीमभाईंचं, महाद्वार रोडला. बाकी सगळं जोतीराम पैलवानाचं.

कुस्ती सुटल्यापासून जोतीराम स्टुडिओत भालदार म्हणून उभा राहतो. ऐतिहासिक सिनेमा निघाला की दरबार लागतो, दरबाराला दार लागतं आणि दाराला जोतीराम लागतो. आजवर एकाही सिनेमात त्याच्या तोंडून शब्द निघालेला नाही.

आता निघणार आहे. कंपनी सरकारच्या काळातला सिनेमा आहे आणि शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतला मोठा कारकून, कावीळ होऊन घरी झोपलाय. त्याचं वाक्य डायरेक्टरनं जोतीरामला दिलंय. एकच आहे. वर येऊन गेलं.

अट अशी की शिरस्तेदाराच्या डोळ्यांवर त्या काळातला चष्मा पाहिजे, आणि तो सोमवारच्या शूटिंगला जागेवर राहिला पाहिजे. नाहीतर वाक्य पिराजीला. पिराजी म्हणजे समोरच्या दाराचा भालदार. तो तालमीची पायरी कधी चढलेला नाही, त्यामुळं त्याचे कान आईनं दिले तसेच आहेत.

*

निवड.

“ह्यो घालून बघू का?”

“ठेव खाली. पोस्टमास्तर दिसतोस,” करीमभाई म्हणाले.

“आनि ह्यो?”

“पोस्टमास्तरीण.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर बयाबाई बसली होती. नवऱ्याच्या पसंतीवर तिचा भरवसा नव्हता. ती पदरात तोंड घालून हसली.

डायरेक्टरनं एका जुन्या चित्राचा फोटो पाठवला होता. त्यातल्या कारकुनाच्या डोळ्यांवर रुपयाएवढ्या दोन गोल काचा, बारीक तार, आणि काड्या विंचवाच्या नांगीसारख्या कानामागं वळलेल्या. करीमभाईंनी तो फोटो पुढ्यात ठेवून तार वळवली, साध्या काचा घासून गोल केल्या. जोतीराम आला की घालायचा चष्मा तयार.

जोतीराम आला.

*

नाक.

चष्मा चढवला. डावा डोळा काचेच्या वरून बघायला लागला, उजवा खालून.

“पैलवान, हे नाक कुणी केलं?”

“गडहिंग्लजचा एक हुता. पर त्याला पाडला की म्या!”

“त्याला पाडलास, आता मला कशाला पाडतोस? बोल, चष्मा नाकाला सरळ करू का डोळ्यांना?”

“डायरेक्टरला सरळ करा.”

करीमभाईंनी पक्कड घेतली. शेवटी चष्मा असा झाला की टेबलावर ठेवला तर बैलगाडीखाली सापडल्यासारखा दिसे. जोतीरामच्या तोंडावर मात्र ओळंब्यात.

*

कान.

काडी कानामागं अडकते. जोतीरामच्या कानाला मागची बाजूच नव्हती. मातीत घासून घासून तो डोक्याला चिकटून गेला होता.

“वाक्य म्हण.”

‘सरकारचा’पर्यंत चष्मा राहिला. ‘हुकूम’ला उजवी काडी सुटली. ‘वखार’ला चष्मा करीमभाईंच्या चहात.

“जरा हळू बोल की!”

“हुकूम हाय. हळू कसा बोलू?”

करीमभाईंनी कान धरून ओढला. “दुखतंय?”

“त्यो कान हाय व्हय? दगूड हाय. वडा.”

काड्या लांब केल्या. मग आखूड केल्या. मग डिंक लावला. डिंकानं चष्मा राहिला, पण काढताना कल्ले राहिले नाहीत.

*

दोरा.

फार पूर्वी काड्या नव्हत्या तेव्हा लोक चष्म्याला दोरा बांधत, हे करीमभाईंना आठवलं. त्यांनी काड्या कापल्या, दोन्हीकडं बारीक कड्या बसवल्या, रेशमी दोरा ओवला आणि डोक्यामागं गाठ मारली. जोतीरामनं बैठका मारल्या. चष्मा हलला नाही.

“आता शिरस्तेदाराची पगडी ही अशी खाली ओढायची. दोरा झाकला. कान पण झाकले.”

जोतीरामनं पगडी आणि दोऱ्याचा चष्मा, दोन्ही काढून टेबलावर ठेवलं.

“कान झाकून न्हाय जायाचा.”

“अरे, वाक्य पाहिजे ना तुला?”

“पाहिजे. पर ह्ये कान मातीनं दिल्यात. झाकून गेलो तर तालमीत म्हनतील, जोत्या लाजला.”

“मग पिराजीला पाठव. त्याला काडीचाच बसेल.”

जोतीराम काचेच्या कपाटाकडं बघत राहिला. तिथल्या सगळ्या काचांत त्याचे कान होते.

बयाबाई स्टुलावरून उठली. “अवं, इतक्या सिनिमात कान दाखिवलं तुमी. थेटरात मी शेजारच्या बाईला सांगाय जाती, त्यो दाराला हाय त्यो माझा मालक. तर ती म्हनती, कंचा, खांब व्हय? आता तरी तोंड उघडा. कान आमी घरात बघू.”

करीमभाईंनी टेबलावरचा चष्मा उचलला.

“बांधा,” जोतीराम म्हणाला. पगडी त्यानं स्वतःच खाली ओढली.

*

सोमवार.

सिनेमाचा हिरो वखारीचा मालक होता. हुकूम ऐकण्याआधीच तो संतापतो आणि शिरस्तेदाराची गळपट्टी धरतो, असं कागदावर होतं. जोतीरामला हे कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःचं एक वाक्य तेवढं पाठ करायला सांगितलं होतं. रिहर्सलला हिरो आलाच नव्हता.

हिरो आला. गळपट्टी धरली.

पुढचं जोतीरामनं केलं नाही, त्याच्या अंगानं केलं. धूळ खाली बसली तेव्हा हिरोची पाठ जमिनीला लागली होती आणि शिरस्तेदाराचा गुडघा हिरोच्या छातीवर होता. चष्मा ओळंब्यात. जोतीरामनं गोल काचांतून खाली बघितलं, त्याला वाक्य आठवलं, आणि त्यानं ते एकही शब्द न गाळता, खणखणीत आवाजात म्हटलं.

“हलला न्हाय!” चष्मा बघायला आलेले करीमभाई कॅमेऱ्यामागून ओरडले. “बघा, अजून हलला न्हाय!”

डायरेक्टरनं आधी करीमभाईंना बाहेर काढलं. मग हिरोला उठवलं. हिरोला दूध पाजलं, वारा घातला. त्यानं पुन्हा गळपट्टी धरायला साफ नकार दिला. “मी लांबूनच रागावतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला हिरो लांबूनच रागावला. जोतीरामनं वाक्य म्हटलं. त्यावर हिरोचं बाणेदार भाषण होतं. तो एक शब्द न बोलता वखारीच्या किल्ल्या ठेवून गेला. डायरेक्टर म्हणाले, राहू दे, हेच बरं वाटतंय.

जोतीराम चष्मा न काढताच घरी गेला. पगडी मात्र त्यानं स्टुडिओच्या फाटकातच काढून काखेत मारली होती.

शिरस्तेदाराला कानामागं काड्या वळलेला चष्मा शोभेल, हे डायरेक्टरला पिराजीनं सुचवलं होतं.