धोंडाबाईंचे ओले पोते

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. आहे म्हणावे की होतो, ते मला नक्की ठरवता येत नाही. तुम्हीच ठरवा.

माझी उमेदीची वर्षे बारामतीच्या एका ग्रंथालयात गेली. पुस्तकांची नावे मी साठवून ठेवत असे. तेव्हा लोक हात पुसून मला शिवत. पुढे नवा संगणक आला. मी कपाटावर गेलो आणि तिथून भंगारात. इंदापूरच्या बसस्थानकाजवळ गोकुळचे दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने मला उचलले, म्हणून वाचलो.

एका बाजाराच्या दिवशी वरकुटे गावच्या धोंडाबाई भाजी विकून त्या दुकानात आल्या. बरोबर त्यांची सून सोनम होती. लग्नामुळे तिचे शिक्षण अर्धवट राहिले होते. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या शिक्षणक्रमाची प्रवेश परीक्षा तिला द्यायची होती. ती घरूनच, पण लॅपटॉपवर. मोबाइल चालणार नव्हता. वयाच्या अटीमुळे तिचे हे शेवटचेच वर्ष होते.

गोकुळने मला त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "मावशी, ह्याला आता विंडोज झेपत न्हाय. त्याच्या जागी लिनक्स टाकून देतो, ते हलकं असतंय, पळंल."

लिनक्स आले आणि मला खरेच तरतरी आली. फक्त वायफाय चालेना. त्यासाठी एक फाइल हवी होती आणि ती होती इंटरनेटवर.

"म्हंजी किल्ली घरात ऱ्हायली अन् कुलूप भाईर!" गोकुळ हसला. त्याने सोनमचा मोबाइल वायरने मला जोडला आणि इंटरनेट सुरू केले. पण माझा पंखा काही केल्या फिरेना. तो म्हणाला, "पंखा नव्या कारभाऱ्याचं ऐकंना बघा. लय तापला की आपसूक बंद पडंल."

"नवीन माणूस घरात आलं की व्हतंय असं," धोंडाबाई म्हणाल्या. "रुळंल."

"आत्या, मी किती दिसांत रुळले?"

"तू कुठं रुळलीस अजून!"

तिघेही हसले. मित्रांनो, माझ्याभोवती कोणी हसल्याची ती शेवटची आठवण.

त्यांनी मला घरी नेले. सोनम माझ्यावर अभ्यास करी. मी तापलो की मला मिटून ठेवी. परीक्षेच्या आदल्या दिवशी सराव परीक्षा होती. ती अर्ध्यावर आली आणि मी तापून विझलो. सोनम गुडघ्यात डोके घालून बसली. धोंडाबाई दारात मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनमने मला चालू केले आणि ती अंघोळीला गेली. धोंडाबाई आत आल्या. खुडलेली भाजी टेम्पो येईपर्यंत त्या ओल्या पोत्याखाली ठेवत. त्यांची मेथी बाजारात टवटवीत पोचे, याचा त्यांना अभिमान होता. तेच पोते त्यांनी चांगले पिळले, एक घडी माझ्याखाली घातली आणि एक वरून पांघरली.

"आता न्हाय तापायचास," त्या मला म्हणाल्या. "पोरीची परीक्षा हाय. नीट ऱ्हा बाबा."

पाणी थेंबाथेंबाने आत उतरले. इतकी वर्षे मी पडद्यावर लोकांना किती शब्द दाखवले असतील! त्या वेळी 'पाणी नको' एवढे दोन शब्द मला दाखवता आले नाहीत.

सोनम आली. तिने पोते उचलले, बटण दाबले, पुन्हा दाबले. धोंडाबाईंना कळले.

"माझ्या हातनं वाटुळं झालं गं पोरी!"

सोनमने त्यांच्याकडे पाहिले नाही. पोते त्यांच्या हातात देऊन ती म्हणाली, "भाजी झाका, आत्या. ऊन आलंय."

आता मी पुन्हा गोकुळच्या फळीवर आहे. परीक्षा सोनमविनाच होऊन गेली. ती इकडे फिरकत नाही. धोंडाबाई मात्र बाजाराला आल्या की दारातूनच विचारतात, "सुकला का रं?"

"सुकंल, मावशी," गोकुळ खाली मान घालून म्हणतो. मी सुकलो आहे. आत गंज धरला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सांगावे, तर मला जपलेच होते. म्हणून एवढेच मागतो. एखाद्याला जपण्याआधी त्याला काय सोसते, ते जरा विचारा. तो सांगू शकत नसेल, तर दुसऱ्या कोणाला विचारा. सोनम दोन तांबे पाणी अंगावर घेऊन येईपर्यंत थांबायचे होते, बस्स.