मग आमी कोण्या गावच्या?

मोहनराव मास्तरांच्या घरात त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मास्तर व्याख्यानाची तालीम करत होते. विषय होता नारू. पायातून दोऱ्यासारखा लांब किडा निघतो, माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो, हे तलवाड्यात घरोघरी माहीत होतं. तो येतो कुठून, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. निजाम सरकारच्या डॉक्टरसाहेबांनी मास्तरांना तालुक्याला बोलावून ते समजावलं होतं आणि गावोगाव सांगायला बजावलं होतं.

मास्तर आरशासमोर उभे राहून बोलत. ‘प्रादुर्भाव’, ‘सूक्ष्म जंतू’, मध्येच तहसीलदारांच्या कानाला गोड लागेल असं उर्दू. त्यांची बायको मुक्ताबाई चहा ठेवायची आणि निघून जायची. ती लंगडत होती. मास्तरांनी ते पाहिलं नाही.

व्याख्यान चावडीवर झालं आणि फार रंगलं. पाटील अर्जुनरावांनी हार घातला. गर्दीतला आश्रुबा म्हणाला, “मास्तर, लई भारी बोल्ले तुमी!” पुढच्या आठवड्यात शेजारच्या चकलांब्यालाही बोलायचं ठरलं. गळ्यातला हार तसाच ठेवून मास्तर घराकडे निघाले. वाट बारवेवरून, गावाच्या पायऱ्यांच्या विहिरीवरून, जात होती. त्यांनी सहज खाली पाहिलं, आणि ते तिथंच थांबले.

शेवटच्या पायरीवर मुक्ताबाई बसली होती. तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत पाण्यात होता. घोट्यावर फोड फुटलेला होता. तिच्या शेजारी कडूबाई त्याच पाण्यात घागर बुडवत होती.

“मुक्ता!” मास्तर ओरडले.

बारवेवरच्या साऱ्या बाया चपापल्या. नवऱ्याने बायकोला नावाने, तेही चारचौघींत हाक मारलेली त्यांनी ऐकली नव्हती. मुक्ताबाईने पाय ओढून घेतला.

“अगं, नारूचा पाय पाण्यात घालू नये, हे मी आत्ताच साऱ्या गावाला सांगून आलो!”

“साऱ्या गावाला?” मुक्ताबाई पदर सावरत म्हणाली. “मग आमी कोण्या गावच्या?”

मास्तरांनी गळ्यातला हार काढला. तलवाड्याच्या सुना चावडीसमोरून जातसुद्धा नव्हत्या, लांबचा वळसा घेत होत्या. चावडीवर बसलेल्यांपैकी एकानेही आयुष्यात घागर भरलेली नव्हती!

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, “पाय दुखतो, ते सांगितलं का नाहीस?”

“कवा सांगू? तुमी कागद पाठ करत होता. मधी बोल्लं की चिडता.”

मास्तरांच्या आत्या भामाबाई चुलीपुढून म्हणाल्या, “मीच म्हन्लं तिला, बारवेत पाय सोड, आग थंड होती. माझ्या सासूनं मला तेच सांगितलं हुतं. कावून, काय चुकलं?”

मास्तरांनी लोखंडी घमेल्यात गार पाणी ओतलं आणि मुक्ताबाईला त्यात पाय ठेवायला सांगितलं. थोड्याच वेळात तिचा चेहरा सैल झाला. आणि मग फोडातून दुधासारखा पांढरा ढग निघाला. काळ्या घमेल्यात तो हळूहळू पसरत गेला.

मास्तर गुडघ्यांवर बसून बघत राहिले. हे त्यांनी वाचलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं. बारवेच्या हिरव्या पाण्यात ते कुणालाही दिसलं नसतं.

“हे काय रे मोहन्या?” आत्या घमेल्यावर वाकल्या.

“नारूची पिल्लं आहेत, आत्या. हजारो. ही बारवेत जातात आणि तिथून आपल्या पोटात.”

“अरे देवा! मी सुनंच्या पायानं साऱ्या गावाला पाजली की रे!” आत्यांनी कपाळावर हात मारला. पण क्षणात त्या उसळल्या. “आन् तू हे दाखवायचं सोडून घटकाभर नुसतं बडबडला?”

“मी सगळं नीट समजावून—”

“जंतू-फिंतू र्‍हाऊ दे. बाईनं उद्या सकाळी काय करायचं, तेवढं सांग.”

मास्तर विचार करू लागले. “दुखरा पाय बारवेत घालायचा नाही. आणि पाणी चार पदरी फडक्यातून गाळून घ्यायचं.”

“पाय घालू नका म्हन्तो. आग कशी थांबवायची?”

“घमेल्यात. ते पाणी नंतर कोरड्या जमिनीवर, बारवेपासून लांब ओतायचं. फडकंही बारवेत धुवायचं नाही.”

“आता बोल्ला कामाचं! सांगायचं बारवेवरच. घागरी भरायच्या आदी, कारन डोक्यावर वझं आल्यावर कुनी थांबत न्हाई. आन् तू तिथं यायचं न्हाईस.”

“मी नाही? मग बोलणार कोण?”

“तू आला की सुना तोंडावर पदर वढतील. मंग त्या बघनार काय आन् इचारनार काय?”

मास्तरांनी भिंतीवर टांगलेल्या हाराकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या सकाळी मास्तर बारवेच्या भिंतीमागे बसले. पलीकडे आत्यांचा आवाज आला, “थांबा गं, रिकाम्या घागरी खाली ठिवा. आमच्या सुनंचा पाय बघा.” मग घमेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि एकदम किंकाळी!

“अगं बया, दूध निघालं की पायातून!” ही छबुबाई.

“दूध न्हाई, नारूची पिल्लं हायती.”

कडूबाई ओरडली, “काल मी हितंच घागर बुडवली! लेकरानं पेलं पानी! आता कसं गं?”

आत्या भिंतीपाशी आल्या. “मोहन्या, हिच्या लेकराचं काय?”

मास्तरांनी बसल्या जागेवरून सांगितलं, “मुक्ताच्या कालच्या पिल्लांचं भय नाही. ती आधी पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात वाढतात, त्याला पंधरवडा लागतो. पण बारवेत आधीच पिल्लं पोटात असलेले किडे असतील, त्याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणून आजपासूनच गाळा.”

“अगं बाई, मास्तर भितीआड!” कुणीतरी खुदकन हसलं. पण कडूबाई हसली नाही. तिने कमरेला खोचलेलं धुतलेलं फडकं काढलं, चार पदरी केलं आणि घागरीच्या तोंडावर बांधलं. मग छबुबाईने बांधलं. मग इतर बायांनी.

पुढच्या आठवड्यात चकलांब्याच्या पाटलांनी चावडीवर सतरंजी अंथरून ठेवली होती. हार तयार होता. मास्तरांनी आल्याआल्या विचारलं, “पाटील, तुमच्याकडं पाणी कोण भरतं?”

“बायाच की.”

“मग सतरंजी बारवेजवळ टाका. व्याख्यान आमच्या आत्या देतील. आपण इथंच बसू.”

मागच्या बैलगाडीत भामाबाई घमेलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी मुक्ताबाई होती. तिच्या घोट्यातून निघणारा नारू काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळला जात होता. “आग अजून हाय,” ती म्हणाली, “पर बायांना दावायला पाय तर माझाच लागनार ना!”

वाचकहो, आपणही सभा भरवतो, भाषणं ठोकतो, टाळ्या घेऊन घरी येतो. काम ज्यांच्या हातचं आहे, ती माणसं समोर होती का, हे आपण विचारतो का? बोलण्याआधी ऐकणारा ओळखा. त्याच्या ठिकाणी जा, त्याला डोळ्यांनी दिसेल असं दाखवा, उद्या सकाळी करता येईल एवढंच सांगा. आणि आपल्यापेक्षा दुसऱ्याचं ऐकलं जाणार असेल, तर खुशाल भिंतीमागे बसा!