जाऊबाईंचा बदाम

पार्लर चालवायचं तर एक पथ्य पाळावंच लागतं. खुर्चीतल्या बाईच्या हातातला फोन वाचायचा नाही. मागे उभं राहिलं की सगळंच दिसतं, कोणाचं भांडण, कोणाचं लफडं. पण आपली नजर केसांत ठेवायची. धाकटीने हे पथ्य आजवर पाळलं होतं.

सासरी तिच्या कामाला कोणी काडीची किंमत दिली नाही. "केस कापते," एवढंच सांगायचे, तेही पाहुण्यांनी खोदून विचारलं तर. अपवाद थोरल्या जाऊबाईंचा. धाकटीने पार्लरच्या पेजवर नव्या केशरचनेचा फोटो टाकायचा अवकाश, जाऊबाईंचा लाल बदाम हजर! बाकी कोणी ढुंकून पाहो न पाहो, तो बदाम आला की हिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. वेडीच ती. त्या एका बदामाच्या जोरावर रोज सकाळी दुकान उघडायची म्हणा ना.

आज जाऊबाई केस रंगवायला आल्या होत्या, नेहमीसारख्या फुकटात. मुळांना रंग लावताना धाकटीला त्यांच्या फोनवर आपणच काल पेजवर टाकलेला फोटो दिसला आणि पथ्य मोडलं. फोटो घरच्या एका ग्रुपवर होता. तिथे सासरचे झाडून सगळे होते, फक्त ती नव्हती.

खाली जाऊबाईंनीच लिहिलं होतं, "बघा, बाईसाहेबांनी आज कोणाच्या डोक्यावर घरटं बांधलंय."

"बदाम दिलास का वहिनी?" नणंदेने विचारलं होतं.

"दिला की. तेवढ्यावर खूश असते बिचारी."

त्याखाली हसून लोळणारे चेहरे. त्यातला एक तिच्या नवऱ्याचा.

धाकटीचा हात थांबला.

"काय गं, झालं?" जाऊबाईंनी फोन पालथा घातला.

"नाही अजून. मान जरा खाली घ्या."

रंग नको तेवढा वेळ ठेवून त्या केसांचं पार वाटोळं करणं तिच्या हातात होतं. मनात आलंही. पण तिने ते वेळेवर धुतले, कधी नव्हे इतक्या निगुतीने सेट केले. निदान हे तरी त्यांना खरंच आवडावेत, इतकी लाचार झाली होती ती.

जाऊबाईंनी आरशात मान इकडे-तिकडे वळवून पाहिली. "झकास! टाक गं फोटो."

तिने टाकला. जाऊबाई दाराबाहेर पडतात न पडतात तोच तिचा फोन वाजला. लाल बदाम. धाकटीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, कारण तो बघून तिला बरं वाटलं होतं.