डोक्यावरची माती

"पाय उचल आश्रुबा, डोक्यावरची माती वाळून जाईल!" अर्जुनराव म्हणाले आणि जमलेली माणसं हसली.

आश्रुबा हसला नाही. आंघोळ करून, ओलं धोतर नेसून तो अनवाणी उभा होता आणि त्याच्या मुंडाशावर दोन्ही शेतांतल्या मातीचं एक ढेकूळ ठेवलेलं होतं. सिंदफणेच्या पुराने गाळ पसरला होता. अर्जुनरावांचं शेत आणि साखराबाईचं शेत यांच्यामधला बांध त्या गाळाखाली बुजला होता. वरच्या टोकाचा एक धोंडा आणि ओढ्याकाठची बाभळ एवढंच शिल्लक होतं. मधलं सगळं कसं जायचं ते आता ज्याच्या त्याच्या डोक्यात होतं, आणि दोन डोक्यांत दोन बांध होते.

त्या एका पट्टीला नावं तरी किती! निजामाचा मोजणी अमीन तिला हद्द म्हणायचा. त्याच्यावरचा, हैदराबादेत इंग्रजी शिकलेला साहेब बाउंड्री म्हणायचा. अर्जुनराव धुरा म्हणत, साखराबाई बांध म्हणे. "आधी आपसांत मिटवा, मग मी साखळी टाकतो," असं सांगून अमीन माजलगावला निघून गेला होता. मग गावाने जुनी रीत काढली. दोघांनाही मान्य असलेल्या माणसाने डोक्यावर माती घेऊन चालायचं, तो चालेल तिथे बांध. पण दसऱ्यापर्यंत त्या माणसाला आजार झाला, त्याच्या घरी काही वाईट घडलं, तर माती खोटी पडली असं समजायचं. काही झालं नाही तर दसऱ्याला धोंडे रोवायचे.

माणूस शोधायला वेळ लागला नाही. आश्रुबा धनगर. शेळ्या-मेंढ्यांमागे त्याचा जन्म त्या रानात गेलेला. शिवाय त्याला स्वतःची वीतभर जमीन नाही. ज्याला जमीनच नाही तो कुणाची बाजू घेणार, असा गावाचा सरळ हिशेब होता. गावाला एवढंच ठाऊक नव्हतं की त्या शेतात आश्रुबाचंही काहीतरी होतं.

साखराबाईच्या शेतात, बांधापासून थोडं आत, एक बोर होती. तिच्या बुडाशी आश्रुबाने आपली लेक पुरली होती. तिला दातसुद्धा आले नव्हते. कोल्ह्यांच्या भीतीने त्याने खोल खड्डा खणला होता, आणि दुसऱ्याची जमीन म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे घरात पाळणा हलला नाही. बायनाबाई, त्याची बायको, बोरं वेचायच्या निमित्ताने तिथे जाऊन बसायची. आता पुराने बोरच नेली होती. त्या सकाळी माती घ्यायला निघालेल्या आश्रुबाला ती म्हणाली होती, "आवं, झाड होतं तवर औत बाजूनं जायचं. आता कुळव जाईल की वो लेकराच्या अंगावरनं."

तो मुंडासं बांधून घराबाहेर पडला होता.

आश्रुबा चालू लागला. धोंड्यापासून नीट निघाला. निम्म्यावर आला आणि त्याचे पाय डावीकडे, साखराबाईच्या रानात वळले. बोर होती ती जागा त्याला डोळे झाकूनही सापडली असती. तिच्यावर पाय ठेवतानाही तो थांबला नाही. तिथून तिरका बाभळीकडे गेला. बांध झाला की तिथे कुळव जाणार नव्हता, नांगर जाणार नव्हता. बदल्यात साखराबाईची काळीभोर पट्टी अर्जुनरावांकडे गेली होती.

लोकांनी साखराबाईकडे पाहिलं. नवऱ्यामागे एकटीने शेत सांभाळणारी, तोंडाची फटकळ बाई. ती भांडेल असं सगळ्यांना वाटलं.

"माझ्या ध्यानात बांध सरळ व्हता," ती म्हणाली. "पर आश्रुबाच्या पायाला मी काय शिकवू?"

तेवढं बोलून ती घराकडे वळली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर आश्रुबाला बरं वाटलं असतं.

घरी बायनाबाई ऐकून रडली, मग हसली, आणि तिने गुळाचा मलिदा केला. त्याने ताट बाजूला सारलं.

पुढचे दिवस विचित्र गेले. आश्रुबाची तब्येत गावाचा विषय झाली. जो तो विचारी, "बरा हाईस नव्हं?" अर्जुनरावांनी तर रोज दुधाचा तांब्या पाठवायला सुरुवात केली. ते दूध तो कुत्र्याला घाली. त्याला शिंक आली नाही, शेळी लंगडली नाही, मेंढरू दगावलं नाही. जितका तो धडधाकट दिसे तितका लोकांचा विश्वास पक्का होई. "बघा, खरा चालला," लोक म्हणत आणि तो मान खाली घाली. देव आपल्याला काहीच का करत नाही, याचा त्याला राग येऊ लागला.

मग एकदाचा त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, अंगात ताप भरला. आश्रुबाला सुटल्यासारखं झालं. त्याने काटा काढूच दिला नाही.

दुपारी दारात साखराबाई उभी. हातात लिंबाचा पाला आणि गरम पोटिसाची वाटी.

"बायना, पाणी तापव," म्हणत ती त्याच्या पायाशी बसली.

"राहू द्या आक्का," आश्रुबा पाय ओढत म्हणाला. "मी पडलो तर तुमचंच रान तुमाला परत मिळंल."

"मला तसलं रान नको. लोक म्हणतील, आश्रुबा खोटा चालला. माझ्या मालकानं तुला भाऊ मानलं व्हतं. ते बोलणं मला ऐकवायचं न्हाई."

तिने सुईने काटा काढला. पू वाहिला. आश्रुबाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते दुखण्याचं नव्हतं.

"मी खोटाच चाललो, आक्का," तो म्हणाला, आणि त्याने बोरीचं सगळं सांगून टाकलं. चुलीपाशी बायनाबाई तोंडात पदर कोंबून उभी होती.

साखराबाईचा हात थांबला.

"मला कावून इचारलं न्हाईस?" ती म्हणाली. "एवढा तुकडा मी पडीक टाकला असता. लेकराला जागा न्हाई म्हणाले असते व्हय मी? एवढी परकी वाटले तुला?"

तिने पोटीस बांधलं, नीट गाठ मारली आणि गेली.

दसऱ्याला धोंडे रोवायला गाव जमला. आश्रुबा लंगडत पुढे आला.

"धोंडे रोवू नका. माती खोटी पडली. बांध सरळ हाय."

अर्जुनराव खवळले. "पाय बरा झाला की तुझा! कुणी शिकवलं बे तुला? त्या बाईनं?"

यावर मात्र त्याला गप्प राहता येईना. "त्यांचं नाव घेऊ नका, मालक. तिथं माझी लेक हाय. तिच्यावर कुळव जाऊ नाई म्हणून मी वळलो. पाप माझं हाय."

अर्जुनरावांनी आधी त्याच्याकडे, मग जमिनीकडे पाहिलं. शेवटी तेच म्हणाले, "दोरी आणा." धोंड्यापासून बाभळीपर्यंत दोरी ताणली आणि सरळ रेघेत धोंडे बसले.

त्यानंतर गावाने आश्रुबाला कशातही साक्षीला बोलावलं नाही. कुणी त्याला टाकून बोललं नाही, पण "आश्रुबाला इचारा" हे शब्द गावातून गेले.

ज्वारीच्या पेरणीला तो शेळ्या घेऊन त्या बाजूला गेला. बायनाबाई बरोबर होती. साखराबाईचा गडी सटवा तिफण हाकत होता आणि मागून ती स्वतः मुठीने बी सोडत होती. बोरीची जागा जवळ आली तशी ती म्हणाली, "थांब. हितं उचल."

सटव्याने तिफण उचलली, तेवढ्या जागेवरून पलीकडे नेऊन टेकवली आणि पेरणी पुढे चालू झाली. मागे काळ्या रानात बसायच्या पाटाएवढी कोरी जागा राहिली.

"बायना," साखराबाईने हाक मारली, "ये की, बस जरा."

बायनाबाई बांध ओलांडून गेली. साखराबाईने आश्रुबाकडे पाहिलं नाही, त्याला हाकही मारली नाही. एक शेळी बांधावर चढू लागली. त्याने तिला कानाला धरून मागे ओढलं आणि तो बांधाच्या अलीकडेच उभा राहिला.